वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत म्हणजे तीव्र स्थूलतेवर उपचार म्हणून जठराच्या किंवा लहान आतड्याच्या रचनेत बदल केल्यानंतर रुग्णाच्या शरीरात उद्भवणारे अनिष्ट परिणाम होत. अशा शस्त्रक्रियांना एकत्रितपणे बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया असे म्हणतात. टाक्यांच्या रेषेतून होणारी गळती, रक्तस्राव, आतड्याचा पीळ, जोडावरील व्रण, अन्नमार्गाची निरुंदता, आम्लपित्ताचा त्रास आणि जीवनसत्त्वांची कमतरता हे तिचे प्रमुख प्रकार आहेत. यांपैकी काहींवर औषधोपचार पुरेसा ठरतो, काहींवर एंडोस्कोपीद्वारे उपचार होतो आणि उरलेल्यांसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

ही शस्त्रक्रिया आता पुष्कळ सुरक्षित झाली आहे. अमेरिकेतील ४,७७६ रुग्णांची नोंद ठेवून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के, तर गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ४.३ टक्के आढळले. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या स्थूल रुग्णांचा एकूण मृत्युदर शस्त्रक्रिया न झालेल्या स्थूल रुग्णांपेक्षा कमी असल्याचे दिसून आले. तथापि, ज्या रचनाबदलामुळे वजन घटते, त्याच बदलातून बहुतेक गुंतागुंतींचा उगम होतो. हा बदल आयुष्यभर टिकणारा असल्याने गुंतागुंत पहिल्या आठवड्यात जशी उद्भवू शकते, तशीच ती दहा वर्षांनंतरही उद्भवू शकते.

इतिहास

वजन घटवण्यासाठी आतड्यावर केलेल्या शस्त्रक्रियेचा पहिला प्रसिद्ध उल्लेख १९५४ सालचा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर व नेल्सन या शल्यचिकित्सकांनी लहान आतड्याचा मोठा भाग अन्नमार्गातून वगळण्याची पद्धत मांडली. पुढे रूढ झालेल्या तिच्या प्रकारात अन्नाचा संपर्क लहान आतड्याच्या केवळ ४५ सेंटीमीटर भागाशी येत असे. रुग्णांचे वजन झपाट्याने उतरे; परंतु सततचे जुलाब, मूत्रपिंडातील ऑक्झलेटचे खडे, सांधेदुखी आणि यकृत निकामी होणे अशा विकारांनी ते ग्रस्त होत. अनेकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली आणि १९८० च्या सुमारास ही पद्धत मागे पडली. न वापरलेल्या आतड्यात जंतूंची अतिवाढ होते आणि तिचे परिणाम यकृतापर्यंत पोहोचतात, हा धडा या अनुभवातून मिळाला.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी १९६६ साली जठर-बायपास शस्त्रक्रिया सुरू केली. या शस्त्रक्रियेच्या आजच्या स्वरूपात आतड्याची जोडणी इंग्रजी वाय अक्षरासारखी करतात. ही जोडणी स्विस शल्यचिकित्सक सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाते. इटलीतील जेनोआ येथे निकोला स्कोपिनारो यांनी १९७६ साली पित्तरस व स्वादुपिंडाचा रस दूरवर वळवण्याची पद्धत अवलंबिली. लुबोमिर कुझमाक यांनी १९८६ साली घट्ट-सैल करता येणारा सिलिकोनचा पट्टा वापरात आणला. ॲलन विटग्रोव्ह आणि वेस्ली क्लार्क यांनी १९९३ साली जठर-बायपास प्रथमच लॅपरोस्कोपीने, म्हणजे पोटावर मोठा छेद न घेता दुर्बिणीच्या साहाय्याने केला. त्यामुळे जखमेतील जंतुसंसर्ग आणि जखमेच्या जागी होणारा हर्निया यांचे प्रमाण खूप घटले. मात्र पोटातील अवयव एकमेकांना चिकटणे कमी झाल्याने आतडी अधिक मोकळी राहू लागली आणि अंतर्गत हर्नियाचा धोका वाढला.

शस्त्रक्रियांचे प्रकार आणि बदललेली रचना

गुंतागुंतीचे स्वरूप मूळ शस्त्रक्रियेच्या प्रकारावर अवलंबून असते.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कापून शरीराबाहेर काढतात आणि उरलेल्या जठराची अरुंद नळी ठेवतात. आतड्याला हात लावला जात नाही. जगभरात सध्या हाच प्रकार सर्वाधिक केला जातो. काढलेला भाग परत बसवता येत नसल्याने हा बदल कायमचा असतो.

रू-एन-वाय जठर-बायपास या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलीटर क्षमतेची लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. उरलेले मोठे जठर पोटातच राहते. मात्र त्यातून अन्न जात नाही. त्यातील रस, पित्तरस व स्वादुपिंडाचा रस आतड्याच्या दुसऱ्या फाट्यातून येऊन पुढे अन्नात मिसळतात. म्हणजे या रचनेत आतड्याचे दोन जोड असतात.

एकजोड जठर-बायपासमध्ये जठराची लांबट पिशवी करून ती आतड्याला एकाच ठिकाणी जोडतात. अमेरिकी शल्यचिकित्सक रॉबर्ट रुटलेज यांनी १९९७ साली ही पद्धत सुरू केली. भारतातही ती मोठ्या प्रमाणावर केली जाते.

जठर-पट्टा या प्रकारात जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकोनचा पट्टा बसवतात. त्वचेखालील कळीतून द्रव भरून तो आवळता येतो. पित्त-स्वादुरस वळण या प्रकारात आतड्याचा फारच थोडा भाग अन्न व पाचकरस यांच्या एकत्र संपर्कात राहतो. त्यामुळे वजन सर्वाधिक घटते आणि कुपोषणाचा धोकाही सर्वाधिक असतो.

वर्गीकरण

शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांत उद्भवणारी ती लवकरची गुंतागुंत आणि त्यानंतर उद्भवणारी ती उशिराची गुंतागुंत, असा ढोबळ भेद केला जातो. गांभीर्य मोजण्यासाठी २००४ साली मांडलेली क्लाव्हियन-डिंडो श्रेणी वापरतात. तिच्यात पहिल्या श्रेणीत किरकोळ त्रास, तिसऱ्या श्रेणीत शस्त्रक्रिया किंवा तत्सम हस्तक्षेपाची गरज, चौथ्या श्रेणीत जिवाला धोका व अतिदक्षता उपचार आणि पाचव्या श्रेणीत मृत्यू अशी मांडणी आहे.

लवकर उद्भवणारी गुंतागुंत

टाक्यांच्या रेषेतून गळती

जठर किंवा आतडे कापून यंत्राने स्टेपल मारलेल्या रेषेतून अथवा जोडातून आतील रस उदरपोकळीत झिरपणे ही सर्वांत भीतिदायक गुंतागुंत होय. स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर तिचे प्रमाण साधारणपणे १ ते ३ टक्के मानले जाते. ही गळती बहुधा नळीच्या वरच्या टोकाशी, अन्ननलिका व जठर जेथे मिळतात त्या जागेजवळ होते. तेथील रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो. शिवाय नळीचा मधला भाग अरुंद किंवा पिळलेला असेल, तर तिच्यात दाब साठतो आणि वरचे छिद्र बुजत नाही. जठर-बायपासमधील पिशवीत एवढा दाब नसल्याने तेथील गळती तुलनेने लवकर भरून येते.

स्थूल रुग्णाच्या पोटाच्या जाड थरामुळे गळतीची नेहमीची लक्षणे लपून राहतात. पोट कडक न होताच आत जंतुसंसर्ग पसरू शकतो. नाडीचे ठोके मिनिटाला १२० पेक्षा अधिक राहणे, श्वास जलद होणे, ताप, डाव्या खांद्यात दुखणे आणि रुग्णाला काहीतरी बिनसल्याची तीव्र जाणीव होणे ही महत्त्वाची चिन्हे मानली जातात. सीटी स्कॅनमध्ये गळती दिसली नाही, तरी रुग्णाची प्रकृती ढासळत असल्यास लॅपरोस्कोपीने पोट तपासणे योग्य समजले जाते.

उपचाराची दिशा रुग्णाच्या स्थितीवर ठरते. प्रकृती अस्थिर असेल, तर तातडीने शस्त्रक्रिया करून उदरपोकळी धुतात, निचऱ्याच्या नळ्या ठेवतात आणि पोषणासाठी आतड्यात किंवा वगळलेल्या जठरात नळी बसवतात. सुजलेल्या, जंतुग्रस्त भागातील छिद्र केवळ टाक्यांनी बंद करण्याचा प्रयत्न बहुधा टिकत नाही. म्हणून निचरा आणि पोषण यांवरच भर असतो. प्रकृती स्थिर असल्यास प्रतिजैविके, सुईवाटे निचरा आणि एंडोस्कोपीने बसवलेले स्टेंट, क्लिप किंवा वेटोळ्या टोकांच्या लहान नळ्या यांचा उपयोग होतो. पुढील अरुंद भाग फुग्याने रुंद केल्यास गळती बंद होण्यास मदत होते.

काही महिन्यांनंतरही गळती चालू राहिल्यास तिला जुनाट फिस्टुला म्हणतात. अशा वेळी छिद्राच्या जागी लहान आतड्याचा फाटा जोडून झिरपणारा रस आतड्यातच वळवतात. ते शक्य नसल्यास संपूर्ण जठर काढून अन्ननलिका थेट आतड्याला जोडावी लागते. या शस्त्रक्रिया कठीण असून रुग्णाचे पोषण सुधारल्यावर, अनुभवी केंद्रातच केल्या जातात.

रक्तस्राव आणि रक्ताच्या गुठळ्या

स्टेपलच्या रेषेतून होणारा रक्तस्राव बहुधा पहिल्या दोन दिवसांत दिसतो. तो आपोआप थांबतो, अथवा एंडोस्कोपी किंवा लॅपरोस्कोपीने थांबवावा लागतो. जठर-बायपासमध्ये खालच्या जोडाजवळ रक्ताची गाठ अडकल्यास आतडे तुंबते आणि वगळलेले जठर फुगून फुटण्याचा धोका निर्माण होतो.

पायांतील नीलांत रक्त गोठून गुठळी फुप्फुसात जाणे हे शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. ते टाळण्यासाठी रुग्णाला त्याच दिवशी चालवतात आणि हेपरिनसारखी औषधे देतात. स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर यकृताकडे जाणाऱ्या प्रतिहारी नीलेत रक्त गोठण्याचे प्रकारही आढळतात. काही आठवड्यांनंतर पोटात अस्पष्ट दुखू लागल्यास ही शक्यता विचारात घेतात.

उशिरा उद्भवणारी गुंतागुंत

अंतर्गत हर्निया

रू-एन-वाय रचनेत आतडी नव्या जागी नेऊन जोडल्यामुळे आंत्रबंधात, म्हणजे आतड्याला रक्त पुरवणाऱ्या पडद्यात, फटी तयार होतात. एक फट खालच्या जोडापाशी असते. दुसरी फट वर नेलेल्या आतड्याच्या मागे असते. जर्मन शल्यचिकित्सक वाल्टर पीटरसन यांनी १९०० साली तिच्यातील हर्नियाचे वर्णन केले होते. म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. वर नेलेले आतडे मोठ्या आतड्याच्या आंत्रबंधातून पार केले असल्यास तिसरी फटही असते. वजन घटू लागले की आंत्रबंधातील चरबी वितळते आणि या फटी रुंदावतात. त्यांतून लहान आतडे सरकून पिळले गेल्यास त्याचा रक्तपुरवठा खंडित होतो.

या विकाराची लक्षणे फसवी असतात. जेवणानंतर पोटात कळा येतात, त्या पाठीकडे जातात आणि काही तासांत आपोआप थांबतात. वैद्यकीय तपासणीत, रक्तचाचणीत व साध्या क्ष-किरण चित्रात काहीच न आढळण्याची शक्यता असते. पाचकरसांच्या फाट्यात अडथळा असल्यास उलटीही होत नाही. अशा कळांना आम्लपित्त समजून औषध देणे आणि रुग्णाला घरी पाठवणे ही जिवावर बेतणारी चूक ठरू शकते. सीटी स्कॅनमध्ये आंत्रबंधातील रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या दिसणे हे महत्त्वाचे चिन्ह आहे. परंतु ते दिसले नाही म्हणून अंतर्गत हर्निया नाहीच असे म्हणता येत नाही. गर्भारपणात वाढते गर्भाशय आतड्यांना वर ढकलते. त्यामुळे धोका वाढतो आणि त्या वेळची पोटदुखी सहजपणे गर्भारपणाचीच समजली जाते.

दुरुस्ती शक्यतो लॅपरोस्कोपीने करतात. पिळलेल्या आतड्यांत दिशा ओळखणे अवघड असल्याने शल्यचिकित्सक लहान आतड्याच्या शेवटापासून, म्हणजे ते मोठ्या आतड्याला मिळते त्या ठरलेल्या जागेपासून, उलट वर तपासत जातो. आतडे फटीतून परत काढून पीळ सोडवला जातो आणि फटी न विरघळणाऱ्या टाक्यांनी बंद केल्या जातात. वेळेत शस्त्रक्रिया झाल्यास रुग्ण थोड्याच दिवसांत बरा होतो. उशीर झाल्यास मृत आतडे कापून काढावे लागते. मोठा भाग गेल्यास उरलेल्या आतड्यावर पोषण भागत नाही व रुग्णाला शिरेवाटे पोषण देण्याची वेळ येते.

फटी पहिल्याच शस्त्रक्रियेत बंद कराव्यात की नाही, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. स्वीडनमधील १२ केंद्रांतील सुमारे २,५०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फटी बंद केल्यास आतडे तुंबल्यामुळे तीन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आले. मात्र टाक्यांमुळे जोड दुमडून पहिल्या ३० दिवसांतील गंभीर गुंतागुंत काहीशी वाढल्याचेही तिच्यात दिसले.

जोडावरील व्रण

जठराची पिशवी व आतडे यांच्या जोडावर, बहुधा आतड्याच्या बाजूस, व्रण होतो. जठराच्या अस्तराप्रमाणे आतड्याच्या अस्तराला आम्ल सोसण्याची क्षमता नसते. धूम्रपान, आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके, हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतू, प्रमाणाबाहेर मोठी पिशवी आणि पिशवी व वगळलेले जठर यांच्यात निर्माण झालेला मार्ग ही त्याची प्रमुख कारणे होत. आम्लनिर्मिती रोखणारी औषधे, सुक्राल्फेट आणि धूम्रपान बंद करणे यांनी बहुतेक व्रण भरून येतात. व्रण फुटल्यास तातडीची शस्त्रक्रिया करून छिद्रावर पोटातील चरबीच्या पदराचे ठिगळ लावतात. औषधांनी न भरणाऱ्या व्रणासाठी जोडाचा भाग कापून नवा जोड तयार करावा लागतो. धूम्रपान चालू राहिल्यास नव्या जोडावरही व्रण होतो.

निरुंदता आणि सततची उलटी

जोड आकसल्यास प्रथम घन आणि मग द्रव पदार्थही खाली उतरत नाहीत. हा त्रास बहुधा पहिल्या तीन महिन्यांत सुरू होतो. एंडोस्कोपीने फुगा घालून जोड टप्प्याटप्प्याने रुंद करतात. स्लीव्हची नळी मध्येच अरुंद झाली किंवा पिळली, तर फुग्याचा उपयोग काही वेळा होत नाही आणि जठर-बायपासमध्ये रूपांतर करावे लागते.

सतत उलट्या होणाऱ्या रुग्णाच्या शरीरातील जीवनसत्त्व ब१ काही आठवड्यांतच संपते. त्यातून वेर्निके विकार होतो. बुद्धिभ्रम, डोळ्यांच्या हालचालींतील दोष आणि तोल जाणे ही त्याची लक्षणे होत. अशा रुग्णाला ब१ न देता ग्लुकोजयुक्त सलाइन चढवल्यास मेंदूची हानी वाढू शकते व ती कायमची ठरू शकते. म्हणून ब१ आधी किंवा ग्लुकोजसोबत देण्याचा नियम पाळला जातो.

आम्लाचा उलट प्रवाह

स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांत जठरातील आम्ल अन्ननलिकेत येऊ लागते. छातीत जळजळ, रात्री ठसका लागणे आणि आवाज बसणे ही त्याची लक्षणे आहेत. दीर्घकाळात अन्ननलिकेच्या अस्तरात कर्करोगपूर्व बदलही आढळतात. एरवी या विकारात जठराचा वरचा घुमट अन्ननलिकेभोवती गुंडाळून झडप तयार करतात; स्लीव्हमध्ये हा घुमटच काढून टाकलेला असतो. त्यामुळे औषधांनी आराम न पडल्यास रू-एन-वाय जठर-बायपासमध्ये रूपांतर हा प्रमुख शल्योपचार ठरतो. एकजोड बायपासनंतर पित्तरस पिशवीत चढण्याचा त्रास होऊ शकतो. त्यावरही रू-एन-वाय रूपांतर हाच उपाय आहे.

पट्ट्याशी संबंधित गुंतागुंत

पट्टा सरकल्यास जठराचा वरचा भाग फुगून अडकतो. त्वचेखालील कळीत सुई घालून पट्ट्यातील द्रव काढून घेणे हा तातडीचा उपाय होय. त्यानेही आराम न पडल्यास पट्टा शस्त्रक्रियेने काढावा लागतो. काही रुग्णांत पट्टा हळूहळू जठराची भिंत कोरत आत शिरतो. दीर्घकाळात अनेकांचे पट्टे काढावे लागल्यामुळे या पद्धतीचा वापर खूप घटला आहे.

पित्ताशयातील खडे

वजन झपाट्याने घटताना पित्तरसातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढून खडे तयार होतात. पहिल्या सहा महिन्यांत अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल दिल्यास हा धोका कमी होतो. खडा पित्तनलिकेत उतरल्यास एरवी तो तोंडावाटे घातलेल्या एंडोस्कोपने काढतात. जठर-बायपासनंतर हा मार्गच तुटलेला असल्याने लॅपरोस्कोपीने वगळलेल्या जठराला छिद्र पाडून त्यातून एंडोस्कोप आत नेतात.

डंपिंग आणि रक्तातील साखर उतरणे

गोड पदार्थ पिशवीतून एकदम आतड्यात उतरल्यास थोड्याच वेळात धडधड, घाम, पोटदुखी व जुलाब होतात. यास डंपिंग म्हणतात. काही रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर वर्ष किंवा अधिक काळ लोटल्यावर जेवणानंतर एक ते तीन तासांनी रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. आहारातील बदल व औषधे यांनी बहुतेकांना आराम पडतो. क्वचित प्रसंगी बायपास पूर्ववत करण्याचा विचार करतात. स्वादुपिंडाचा भाग काढण्याची पूर्वी केली जाणारी शस्त्रक्रिया आता सहसा टाळली जाते.

पोषणविषयक गुंतागुंत

लोह व कॅल्शियम मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जातात आणि बायपासमध्ये हाच भाग वगळला जातो. जीवनसत्त्व ब१२ च्या शोषणासाठी जठरातील आम्ल व जठरात स्रवणारे विशिष्ट प्रथिन आवश्यक असते. जठराचा उपयोगात असलेला भाग घटल्याने त्याचीही कमतरता भासते. रक्तक्षय, हाडांची झीज, हातापायांना मुंग्या येणे, केस गळणे आणि तांब्याच्या कमतरतेमुळे मज्जारज्जूस होणारी इजा हे विकार वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जातात. त्यामुळे पूरक औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. आम्ल कमी झालेल्या जठरात कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा कॅल्शियम सायट्रेट अधिक चांगले शोषले जाते.

प्रथिनांची तीव्र कमतरता झाल्यास अंगावर सूज येते व स्नायू झिजतात. पित्त-स्वादुरस वळण किंवा लांब फाट्याचा एकजोड बायपास झालेल्यांत हा धोका अधिक असतो. आहार व औषधांनी ती भरून न निघाल्यास अन्न व पाचकरस जेथे एकत्र येतात त्या आतड्याची लांबी शस्त्रक्रियेने वाढवतात.

पुनर्शस्त्रक्रिया

पूर्वी झालेल्या बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर पुन्हा केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांचे तीन प्रकार मानले जातात. मूळ रचना कायम ठेवून दोष दूर करणे ही दुरुस्ती होय. उदाहरणार्थ, अंतर्गत हर्नियाच्या फटी बुजवणे किंवा व्रणग्रस्त जोड नव्याने करणे. एका प्रकारच्या शस्त्रक्रियेतून दुसऱ्या प्रकारात नेणे हे रूपांतर होय. उदाहरणार्थ, पट्टा काढून बायपास करणे. जठर व आतडे यांची मूळ रचना पुन्हा प्रस्थापित करणे म्हणजे पूर्ववतीकरण होय. बायपासमध्ये पिशवी वगळलेल्या जठराला पुन्हा जोडता येते. त्यानंतर वजन परत वाढण्याची शक्यता असते.

पुनर्शस्त्रक्रियेत पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा धोका अधिक असतो. अवयव एकमेकांना व यकृताला चिकटलेले असतात, उतींचा रक्तपुरवठा बदललेला असतो आणि जुन्या स्टेपलच्या रेषेजवळ नवी रेषा मारल्यास मधली पट्टी रक्ताविना मरून गळती होऊ शकते. म्हणून तातडी नसल्यास आधी मूळ शस्त्रक्रियेची टिपणे मिळवतात, एंडोस्कोपी, बेरियमचे क्ष-किरण चित्रण व सीटी स्कॅन करून रचना समजून घेतात आणि रुग्णाचे प्रथिन व हिमोग्लोबिन यांचे प्रमाण सुधारतात. कुपोषित रुग्णाचे टाके नीट भरून येत नाहीत.

सैल त्वचेवरील शस्त्रक्रिया

मोठ्या प्रमाणात वजन घटल्यावर पोट, दंड, मांड्या व छाती येथील त्वचा लोंबू लागते. तिच्या घड्यांत घाम साचून पुरळ व जंतुसंसर्ग होतो आणि चालण्यास अडथळा येतो. प्लॅस्टिक शल्यचिकित्सक ही अतिरिक्त त्वचा काढून टाकतात. वजन काही महिने स्थिर राहिल्यानंतर, बहुधा पहिल्या शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिन्यांनी, हे काम हाती घेतले जाते. जखम उघडणे व त्वचेखाली द्रव साचणे हे यातील नेहमीचे धोके असून रक्तक्षय व प्रथिनांची कमतरता असल्यास ते वाढतात.

प्रतिबंध आणि दक्षता

धूम्रपान थांबवणे, आधीच्या कमतरता भरून काढणे आणि रक्त गोठू नये म्हणून उपाय करणे यांनी शस्त्रक्रियेच्या आधीच धोका कमी करता येतो. नंतरच्या काळात ठरावीक अंतराने रक्तचाचण्या, पूरक जीवनसत्त्वे आणि वेदनाशामकांबाबत सावधगिरी आवश्यक असते. जठर-बायपासनंतर मद्य रक्तात लवकर मिसळते व व्यसनाचा धोका वाढतो. गर्भधारणा साधारणपणे १२ ते १८ महिने लांबणीवर टाकण्याचा सल्ला दिला जातो.

आपली शस्त्रक्रिया नेमक्या कोणत्या प्रकारची झाली, कधी झाली आणि कोणत्या फटी बंद केल्या, याची लेखी नोंद रुग्णाजवळ असणे हा दक्षतेचा सर्वांत साधा व परिणामकारक भाग आहे. अपघात किंवा बेशुद्धावस्थेत नाकावाटे जठरात न पाहता घातलेली नळी लहान पिशवीला भोक पाडू शकते. बायपासमध्ये वगळलेले जठर फुगले असले, तरी तोंडावाटे घातलेली नळी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हे टाळण्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरला बदललेली रचना ठाऊक असावी लागते.

भारतातील संदर्भ

भारतीयांच्या शरीरात तेवढ्याच वस्तुमान निर्देशांकाला युरोपीय लोकांपेक्षा चरबीचे प्रमाण अधिक असते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधक चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली या भेदाकडे लक्ष वेधले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी याज्ञिक यांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के होती. अमेरिकेत १९९१ साली ठरलेल्या निकषांनुसार निर्देशांक ४०, किंवा सहव्याधी असल्यास ३५, असल्यावरच शस्त्रक्रियेचा विचार होत असे. आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा खाली आणली असून आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार करता येतो असे म्हटले आहे. निकष शिथिल झाल्याने शस्त्रक्रियेस पात्र ठरणाऱ्यांची संख्या वाढते आणि त्याबरोबर दीर्घकालीन देखरेखीची जबाबदारीही वाढते.

भारतात दोन बाबी विशेष लक्षात घ्याव्या लागतात. शाकाहारी लोकांत जीवनसत्त्व ब१२ ची आणि स्त्रियांत लोहाची कमतरता शस्त्रक्रियेपूर्वीच मोठ्या प्रमाणावर असते. ती बायपासनंतर अधिक तीव्र होते. शाकाहारी आहारात डाळी, दूध, ताक, पनीर व सोयाबीन यांतून प्रथिनांची गरज भागवावी लागते आणि लहान झालेल्या जठरामुळे भात-पोळीआधी हे पदार्थ खाण्याचा सल्ला देतात. दुसरी बाब अंतराची आहे. शस्त्रक्रिया मुख्यतः मोठ्या शहरांतील विशेष केंद्रांत होते. पोटदुखी मात्र काही वर्षांनी गावी उद्भवते आणि रुग्ण प्रथम जवळच्या डॉक्टरकडे जातो. म्हणून अंतर्गत हर्निया, जोडावरील व्रण आणि ब१ ची कमतरता यांची ओळख सामान्य वैद्यकीय व्यावसायिकांना असणे रुग्णाच्या जिवाच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

हेही पहा

स्थूलता
जठर
लहान आतडे
मधुमेह
हर्निया
लॅपरोस्कोपी
जीवनसत्त्व ब१२